तामलवाडीचा रणसंग्राम, सहा बाय चार

“एक पान! अठ्ठेचाळीस पानांचे नियम मी एका पानावर आणून दाखवतो! आणि सहा तासांचा खेळ एका तासात! नाही आणला, तर भागवत नाव लावणार नाही!”

धाराशिवच्या एका कॉलेजात ज्युनिअर क्लार्क असलेल्या भागवतनं ही गर्जना केली, तेव्हा ऐकायला एकटा राजपाल होता. राजपाल त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायचा आणि राहायचा भागवतच्याच खोलीवर. त्यामुळं बिचाऱ्याला पळून जायला जागाच नव्हती.

भानगड अशी, की राजपालच्या भावानं पुण्याहून युद्धाचा एक खेळ आणला होता. बुटांच्या दोन खोक्यांएवढी पेटी. आत घडी घातलेला युरोप, शेकडो प्लॅस्टिकचे सैनिक, तोफा, जहाजं, फासे, पत्ते आणि नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. एकेकानं एकेक देश घ्यायचा, फौज जमवायची, शेजाऱ्यावर चढाई करायची, युती करायची आणि सोयीनं मोडायची. भागवतला ह्या खेळानं असं झपाटलं, की त्याला जेवताना ताटात भाताचा किल्ला आणि आमटीचा खंदक दिसायला लागला. ऑफिसात डबा खाता खाता त्यानं चौघांना खेळ शिकवायला घेतला. तिसऱ्या पानावर हेडक्लार्कनी विचारलं, “हे परिपत्रक कधीपासून लागू आहे?” चौथ्या पानावर सगळे हात धुवायला उठले ते परत आलेच नाहीत.

माणूस शहाणा असता तर तिथंच थांबला असता. पण भागवतला थांबून चालणार नव्हतं. त्याचं दुखणं घरचं होतं, तामलवाडीचं.

त्याच्या बहिणीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. ज्ञानेश्वरीला मामा होता. चांगला धडधाकट होता, दोनशे पावलांवर राहत होता आणि नऊ वर्षं त्यानं घराची पायरी चढली नव्हती!

आता दोनशे पावलं कशी, तर भागवतच्या आईचं, सीताबाईचं, माहेर आणि सासर एकाच गावात. तिची वरात निघाली आणि वाजंत्र्यांनी दम घ्यायच्या आत संपली, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. नवरा सिदूतात्या, भाऊ रामहरी. तात्यांचं रान वर, रामहरीमामाचं खाली, मधे एक बांध. तो बांध नऊ वर्षांपूर्वी हातभर खाली सरकला असं मामाचं म्हणणं. बांध हाय तिथंच हाय, रामहरीची नजर सरकली, असं तात्यांचं.

तेव्हापासून दर भाऊबीजेला सीताबाई ताट घेऊन अंगणात यायची आणि चंद्राला ओवाळायची. दोनशे पावलांवर सख्खा भाऊ असताना! भागवतला ते बघवायचं नाही. तो तेवढ्यात कुठंतरी पाण्याची बादली भरायला निघून जायचा.

लग्न ठरलं तेव्हा सीताबाईनं भावाला निरोप धाडला. मामा म्हणाला, “भाचीसाठी जीव दीन. पर त्येनं सोत्ता येऊन बोलवावं.”

तात्या म्हणाले, “सख्ख्या भाचीच्या लग्नाला बोलावणं लागतंय व्हय? मी न्हाय जायाचा. तिच्या पाठीशी दुसरा कुणी बी हुबा ऱ्हाईल.”

“भाऊ जित्ता आसून दुसऱ्याला हुबा करू?” एवढंच सीताबाई बोलली आणि चुलीपुढं तोंड फिरवून बसली. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तर हा होता भागवतचा डाव. गावकऱ्यांना जमवायचं, युद्धाचा सोपा खेळ मांडायचा आणि तात्या-मामाला एका सतरंजीवर बसवायचं. त्यासाठी त्यानं अठ्ठेचाळीस पानांत कुठंच नसलेला चौथा नियम पदरचा घातला: ‘ज्यांच्या सीमा लागून आहेत त्या दोघांनी युती केल्यास फौज दुप्पट. मात्र युती तोंडानं बोलून, हातात हात देऊन जाहीर करावी.’

“ते बोलतील?” राजपालनं विचारलं.

“जिंकायचं असलं तर बोलावंच लागेल! दोघंही हरायला तयार नाहीत, म्हणून तर नऊ वर्षं झाली!”

राजपाल म्हणाला, “एक ऐक. नकाशा खोट्या मुलखाचा काढ. कुठलंतरी बेट, कुठलातरी डोंगर.”

“खोट्या मुलखासाठी आपली माणसं लढतील होय? त्यांना माहितीतलं पाहिजे! मी आपलं शिवारच काढतो. ओढा, पाझर तलाव, गायरान, आणि एकेकाचं रान!”

“भागवत, अरे शिवार...”

“तू गप्प बस. तुला खेडं कळत नाही.”

राजपालचा जन्म खेड्यात गेला होता. पण तो गप्प बसला. त्याचीही चूकच झाली म्हणायची.

भागवतनं मोबाइलवर उपग्रहाचं चित्र लावून मार्करनं शिवार उतरवलं, वरच्या कोपऱ्यात चार नियमांची चौकट चिकटवली आणि शनिवारी संध्याकाळी स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याकडं दिलं. साइज सहा बाय चार. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं विचारलं, “फोटो कुणाचा टाकायचा?”

“फोटो नको.”

“एक पण नको?” फ्लेक्सवाल्याचा चेहरा असा पडला, जणू त्याला कुणी मीठ न घालता भाजी करायला सांगितलीय. “बरं. सकाळी न्या.”

रविवारी सकाळी भागवतनं गुंडाळी काखेत मारली, धावत एसटी धरली आणि तुळजापूरला बदलून तामलवाडीला उतरला. उघडून बघायला वेळ नव्हता. हे वाक्य त्यानं नंतर पुष्कळ लोकांना सांगितलं, पण उपयोग झाला नाही.

तात्या-मामाला जमवायचं काम ज्ञानेश्वरीनं केलं. पोरगी हुशार. तात्यांना म्हणाली, “मामा म्हणतोय, सिदू काय येतोय? हरंल म्हणून घरात बसंल.” तेच मामाच्या दारात जाऊन उलटं सांगितलं. दहाच्या ठोक्याला दोघंही समाजमंदिरात हजर! एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला, दोघांची तोंडं भिंतीकडं.

खेळणारे नऊ, बघणारे चाळीस. फ्लेक्स सतरंजीवर पसरला. खालच्या कडेला तो गुंडाळीच्या सवयीनं सारखा आत वळत होता. तिथं रामहरीमामा मांडी ठोकून बसलेला. त्याला उठवायची कुणाची छाती? भागवत म्हणाला, राहू दे तेवढं.

फौजांसाठी त्यानं आईकडं नऊ तऱ्हेचं धान्य मागितलं होतं. सीताबाईनं तूर, ज्वारी, मूग दिले, पण हरभऱ्याला हात लावू दिला नाही. “बियाणं हाय त्ये! खेळायला देऊ?” त्याऐवजी तिनं फुटाणे दिले आणि शेंगदाणे दिले, तेही भाजलेले. मामाच्या वाट्याला फुटाणे आले, तात्यांच्या वाट्याला शेंगदाणे.

“तर मंडळी,” भागवतनं घसा साफ केला, “हे आपलं शिवार! ज्याचं त्याचं रान हा ज्याचा त्याचा देश! आता शेजाऱ्यावर चढाई करायची!”

कुणी हललं नाही.

“करा की चढाई!”

पहिल्या गड्यानं फासा हातात धरून शेजारच्या रानाकडं बघितलं. “हितं चढाई करू? ह्यो माझा साडू हाय. परवा त्येच्याकडनं मळणीयंत्र आणायचंय.”

“अहो, खेळ आहे!”

“तुझा खेळ. मळणी माझी हाय.”

दुसऱ्याचं म्हणणं, पाटलाचं रान घ्यायला हरकत न्हाय, पर त्यातला ऊस कुणाचा? तिसऱ्यानं जाहीर केलं, की त्याच्या रानाला वाट दाखवलेली नाही, आधी वाट द्या, मग लढाईचं बघू! भागवतच्या कपाळावर घाम आला. तो गुडघ्यावर रांगत एकेकाला विनवायला लागला, “कुणावर तरी करा हो! कुणावर बी करा!”

तेव्हा एकानं विचारलं, “गायरान कुणाचं?”

“सरकारचं.”

“मंग ठीक हाय.” त्यानं मूठभर मूग गायरानात लोटले. ते बघून तूर निघाली. मग ज्वारी, मग मटकी. पाच मिनिटांत सगळ्या फौजा गायरानात! कुणी कुणाशी लढेना. सगळे शांतपणे जागा धरून बसले, आणि एकानं तर तुरीचं कुंपणही घातलं. दीड तास झाला, एकही लढाई नाही. जगातल्या कुठल्याही खेळात असं झालं नसेल! भागवतला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्यात फौजा घटायला लागल्या. मामा विचार करता करता एकेक फुटाणा तोंडात टाकत होता. तिकडं तात्यांनी निम्मं पायदळ चावून संपवलं होतं.

“तात्या, ती फौज आहे!”

“खारवली आस्ती तर बरं झालं आस्तं,” तात्या म्हणाले.

पण भागवतनं आशा सोडली नव्हती. दोघांची फौज कमी झाली, म्हणजे आता युतीची गरज! त्यानं आवाजात गोडवा आणला. “मामा, तुमच्याकडं सहाच राहिले. चौथा नियम बघा. तुमच्या सीमेला लागून कोण आहे? त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर फौज दुप्पट!”

मामानं मान वर केली. नजर सरकत सरकत बांधापर्यंत आली. दारात सीताबाई चहाची किटली घेऊन येऊन उभी होती. मामानं बांध नीट दिसावा म्हणून पुढं वाकून वळलेली कड हातानं सरळ केली.

फ्लेक्स उलगडला.

खाली चार बोटं रुंदीची भगवी पट्टी. पट्टीवर ठळक अक्षरात ‘शुभेच्छुक’. आणि तिथंच, फेटा बांधून, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्यानं सिदूतात्या! बरोब्बर रामहरीमामाच्या विहिरीवर!

दूध संस्थेच्या निवडणुकीत तात्यांचा फ्लेक्स ह्याच दुकानात झाला होता. फोटो कॉम्प्युटरात होता, आडनाव तेच, गाव तेच. फ्लेक्सवाल्यानं बिचाऱ्यानं मोठ्या मनानं, पैसे न घेता, टाकून दिला होता.

“ह्ये कोन हुबं हाय माझ्या हिरीवर?” मामाचा आवाज आधी बारीक निघाला. मग छपराचे पत्रे हलले. “ह्ये कोन हुबं हायऽऽ?”

“मामा, ते चुकून...”

“नऊ वर्षं बांध कोरून प्वाट भरलं न्हाय! आता छापून घेतलं व्हय! पोराला धाराशिवला नोकरीला लावलं ते याच्यासाठीच! उद्या ह्योच कागद तलाठ्याला दावत्याल!”

तात्या उठून आले. फोटो बघून एक क्षण त्यांना बरं वाटलं, कारण फोटो चांगला आला होता. मग त्यांनाही कळलं. “रामहरीला सांगा, मी ह्ये छापलं न्हाय,” ते भिंतीला म्हणाले. आणि मग त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. “आरं! माझा आंबा कुठं हाय?”

आंब्याच्या जागी भागवतचे नियम होते. एका पानात बसवलेले, चारी बाजूंनी चौकट असलेले.

“माझ्या बापानं लावलेला आंबा! आन गोठा? गोठा बी न्हाय! कुणी खाल्लं माझं रान?”

झालं! चाळीस माणसं फ्लेक्सवर तुटून पडली. ज्याला त्याला आपलं रान कमी दिसायला लागलं. “माझा कोपरा उडाला!” “ओढा माझ्या अंगावर ढकलला!” फुटाणे, तूर, मूग पायाखाली चिरडले. भागवत मधोमध उभा राहून ओरडत होता, “अहो, हा खेळ आहे! खेळ आहे हो!” आणि त्याचं त्यालाच रडू येत होतं. बहिणीचं लग्न अकरा दिवसांवर, आईचे डोळे दारातून आपल्याकडं लागलेले, आणि नऊ वर्षांचं भांडण आपण सहा बाय चारमध्ये छापून आणलं!

“थांबा!” गर्दीतून गुरुलिंगअप्पा पुढं आले. अप्पा जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. माणूस शब्दाचा पक्का आणि मोजायला मिळालं नाही की आजारी पडणारा. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली, चष्मा पुसला आणि फ्लेक्सवर पालथे पडले.

“एका बोटाला चाळीस फूट धरतो,” अप्पा म्हणाले. “रामहरी, तुजी पट्टीखाली चार बोटं गेली. म्हंजी एकशेसाठ फूट. हीर, मोटार, स्टार्टरची पेटी, समदं गेलं.”

मामानं डोकं धरलं.

“सिदू, तुजं नियमाखाली पाच बोटं. दोनशे फूट. तुजं जास्त गेलं.”

तात्या खाली बसले.

“आन ह्यो बांध.” अप्पांनी मार्करच्या जाड रेघेवर पट्टी ठेवली, मान हलवली, परत ठेवली. “ह्यो बांध एक बोट रुंद हाय. म्हंजी चाळीस फूट. आरं, बांध हाय का हायवे? निम्मा तुज्यातनं, निम्मा तुज्यातनं. तुमी दोगं हातभरासाठी नऊ वर्षं भांडताय, ह्या पोरानं एका रेघंत चाळीस फूट गिळलं!”

तात्यांनी रेघेकडं बघितलं, मामानं रेघेकडं बघितलं. मग दोघांनी हळूहळू माना वर केल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं.

“दाजी,” मामा म्हणाला, “ह्ये तुमाला ठावं हुतं?”

दारात सीताबाईच्या हातातली किटली खाली टेकली. दाजी! नऊ वर्षं तो ‘त्यो’ म्हणत होता.

“आईच्यान न्हाय, रामहरी. माझा बी आंबा गेला की रं.”

“तुमचा एकट्याचा आंबा न्हाय. लहानपनी म्या बी खाल्लेत त्येचे आंबे.”

“मंग! मी कुटं न्हाय म्हणतोय!”

“दाजी, हातभर इकडं तिकडं हुतंय वो. नांगर सरकतोय, मानूस सरकतोय. पर चाळीस फूट?”

“चाळीस फूट म्हंजी लुटालूट झाली!”

मामानं हात पुढं केला. तात्यांनी तो धरला. गुरुलिंगअप्पांनी पालथं पडल्या पडल्या नियम चार मोठ्यानं वाचून दाखवला आणि जाहीर केलं, “बोलून झालं, हात दिऊन झाला. युती कायदेशीर हाय. फौज दुप्पट!”

भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं! आपला नियम जमला! तो दोन्ही हात पसरून पुढं धावला. “तात्या! मामा! मला माहीत होतं...”

“तू हितं बस,” तात्या म्हणाले.

“आन कागद घे,” मामा म्हणाला.

युती झाली होती, हे खरं. कुणाच्या विरुद्ध, हे भागवतच्या तेव्हा ध्यानात आलं. सगळ्या गावासमोर त्याला सतरंजीवर बसवून लिहून घेतलं: मी, भागवत सिदू, लिहून देतो की, दोन्ही रानांतलं गेलेलं क्षेत्र माझ्या एकट्याच्या चुकीनं गेलं असून त्यात वडिलांचा अगर मामांचा काही एक दोष नाही.

“लई लिवू नगं,” मामा म्हणाला. “एका पानात बसीव.”

बसवलं त्यानं एका पानात. खाली साक्षीदार गुरुलिंगअप्पा. भागवतनं सही केली. समोर तात्या आणि मामा खांद्याला खांदा लावून उरलेले फुटाणे-शेंगदाणे एकाच मुठीतून खात होते आणि सीताबाई भावाच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतत होती. कप भरून वाहिला तरी तिला कळलं नाही. भावानं तिला थांबवलंही नाही. भागवतला कुणी चहा विचारला नाही.

अकरा दिवसांनी लग्न झालं. रामहरीमामा नवा फेटा बांधून भाचीच्या पाठीशी उभा राहिला आणि अक्षता पडायच्या आत, तात्यांच्याही आधी रडला. फ्लेक्स वाया गेला नाही. आचाऱ्यानं तो उलटा अंथरून त्यावर कांदे चिरले. राजपाल लग्नाला आला होता. त्यानं भागवतला काहीच विचारलं नाही, नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला बसला. भला माणूस.

तेव्हापासून बांध सरकल्याचा विषय निघाला, की तात्या आणि मामा दोघंही भागवतकडं बोट दाखवतात. नऊ वर्षांपूर्वीचा हातभरसुद्धा त्याच्याच नावावर लागलाय. तेव्हा तो धाराशिवला शिकायला होता, हे सांगून तो थकला.

परवा नळदुर्गचे पाहुणे भागवतला बघायला आले. मुलीचे वडील भारदस्त, बारा एकर रान. पोहे झाले, नोकरीचं विचारून झालं. मग त्यांनी मामाला विचारलं, “मुलाला काही व्यसन वगैरे?”

“छ्या! सुपारीचं खांड बी न्हाय,” मामा अभिमानानं म्हणाला. “पोरगं लाखात एक हाय! आमची दोन घरं त्येनंच जोडली.”

भागवतनं कृतज्ञतेनं मामाकडं बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याबद्दल चांगलं बोललं होतं.

“फकस्त एक करा,” मामा पुढं म्हणाला, “तुमच्या रानाजवळ त्येच्या हातात मार्कर दिऊ नगा.”

आणि सिदूतात्यांनी आत जाऊन, पाहुण्यांना खात्री पटावी म्हणून, तो सही केलेला कागद आणून दाखवला.